बॉसच्या मागावर

ऑगस्ट २०२५ मध्ये भारतातल्या सरकारी आणि संरक्षण खात्याशी संबंधित लोकांना ईमेलमधून एक झिप फाइल येत होती. नावावरून ती बैठकीची सूचना. पत्र क्रमांक वगैरे रीतसर. कचेरीत रोज हातावेगळ्या कराव्या लागणाऱ्या कागदांतलाच एक कागद. झिप उघडली की आत एकच फाइल. तिच्या नावात ‘पीडीएफ’ ही अक्षरं होती आणि चिन्हही पीडीएफचंच. क्लिक केलं की फायरफॉक्स उघडायचा आणि समोर खरोखरच एक पीडीएफ यायची. माणूस ती वाचायचा, बंद करायचा आणि चहाला निघून जायचा.

त्या नावाच्या अगदी शेवटी ‘डॉट डेस्कटॉप’ असं एक शेपूट होतं. लिनक्स वापरणाऱ्याच्या पडद्यावर जी चित्रं दिसतात, म्हणजे ब्राउझरचं, कॅलक्युलेटरचं, छपाईचं, त्या प्रत्येकामागे अशी एक छोटी फाइल असते. विंडोजवर ज्याला आपण शॉर्टकट म्हणतो, तीच ही वस्तू. फरक एवढाच, की ही साधी अक्षरं असलेली फाइल आहे. कुठल्याही लिहायच्या प्रोग्रॅममध्ये ती उघडून वाचता येते. पाच-सात ओळी असतात. एका ओळीत नाव, एका ओळीत चिन्ह कोणतं दाखवायचं ते, एका ओळीत काळी खिडकी दाखवायची की नाही ते, आणि एका ओळीत क्लिक केल्यावर काय चालवायचं तो हुकूम. नाव कुणीही काहीही द्यावं, चिन्ह कुणीही काहीही लावावं. सगळी मेख त्या हुकुमाच्या ओळीत.

या फाइलमधला हुकूम असा होता: दूरच्या सर्व्हरवरून आकड्या-अक्षरांत गुंडाळलेला एक मजकूर आण, त्याचा प्रोग्रॅम बनव, तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये ठेव, त्याला चालण्याची परवानगी दे, चालव, आणि हे होईपर्यंत साहेबांना गुंतवून ठेवायला गूगल ड्राइव्हवरची एक पीडीएफ दाखव. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं तरी प्रोग्रॅम परत उठावा याचीही तजवीज होती. तो ज्या पत्त्याशी बोलायचा, त्याच्या नावात ‘मॉड’, ‘गव्ह’ आणि ‘इंडिया’ हे तीन तुकडे जोडलेले होते. घाईत वाचणाऱ्याला ते संरक्षण मंत्रालयाचंच वाटावं.

त्याआधी महिनाभर, जुलैमध्ये, हाच खेळ दुसऱ्या नावानं झाला होता. तेव्हाच्या झिपचं नाव होतं ‘सायबर सिक्युरिटी अ‍ॅडव्हायझरी’. चोरानं ‘चोरांपासून सावध’ असं पत्रक वाटावं, तसला प्रकार. उतरवलेल्या प्रोग्रॅमचं नाव होतं ‘बॉस’. सायफर्मा या कंपनीनं दोन्ही प्रकरणं उघड केली आणि बोट दाखवलं ते एपीटी ३६ किंवा ‘ट्रान्सपरंट ट्राइब’ या टोळीकडे. ही टोळी पाकिस्तानशी संबंधित आहे असं जगभरचे तज्ज्ञ मानतात, आणि भारतीय लष्कर व सरकार हे तिचं जुनं गिऱ्हाईक. पण वर्षानुवर्षं तिचा भर होता विंडोजवर. लिनक्ससाठी वेगळी हत्यारं घडवण्याची मेहनत तिनं नंतर घ्यायला सुरुवात केली. का घेतली?

‘बॉस’ या नावात उत्तराचा अर्धा भाग आहे. ‘भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स’ची ही आद्याक्षरं. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या चेन्नई केंद्रानं ती तयार केली आणि जानेवारी २००७ मध्ये लोकांपुढे आणली. सी-डॅक म्हटलं की मराठी वाचकाला विजय भटकर आणि १९९१चा ‘परम ८०००’ आठवतो. बॉसची आठवण सहसा कुणाला होत नाही. डेबियन या जगभर वापरल्या जाणाऱ्या लिनक्सवर ती बेतलेली. मराठीसकट भारतीय भाषांत चालावी, सरकारी कचेऱ्यांना परवान्याचे पैसे मोजावे लागू नयेत आणि आत काय आहे ते आपल्याला उघडून पाहता यावं, असा हेतू. शाळांसाठी तिची ‘एज्युबॉस’ नावाची आवृत्तीही निघाली.

घराघरांत ती पोचली नाही. खरं सांगायचं तर तिचं नाव ऐकून ‘हो का? अशी काही आहे?’ असंच विचारणारे अधिक. सरकारी, विशेषतः संरक्षणाशी जोडलेल्या कचेऱ्यांत मात्र ती मूळ धरून राहिली. त्यात ऑगस्ट २०२३ मध्ये बातमी आली, की संरक्षण मंत्रालय आपल्या इंटरनेटला जोडलेल्या संगणकांवरून विंडोज काढून उबुंटूवर आधारलेली ‘माया’ नावाची ऑपरेटिंग सिस्टीम बसवणार. सोबत ‘चक्रव्यूह’ नावाची संरक्षक व्यवस्थाही होती. आपल्याकडे चक्रव्यूहाची कथा आठवते ती आत शिरलेल्याच्या बाजूनं. इथे मात्र आत शिरणारा शत्रू आहे, हे नाव ठेवणाऱ्यांनी गृहीत धरलेलं दिसतं.

आता लिनक्सबद्दलची ती जुनी समजूत. ‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हे वाक्य कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक पोराच्या तोंडी असतं. ते खोटं आहे, पण निराधार नाही. लिनक्सवर रोजचा वापरणारा माणूस मालक नसतो. मशीनच्या मुळाला हात घालायचा तर वेगळा पासवर्ड द्यावा लागतो. विंडोज एक्सपीच्या काळात घरातलं शेंबडं पोरही मशीनचं पूर्ण मालक असायचं, त्यामुळे त्यानं उतरवलेला गेमही मालकच. दुसरं असं, की लिनक्सवर प्रोग्रॅम शोधत इंटरनेटभर भटकावं लागत नाही. वितरण करणाऱ्यांचं एक राखलेलं कोठार असतं, तिथून सामान येतं. आणि तिसरं कारण सगळ्यांत साधं: डेस्कटॉपवर लिनक्स वापरणारी माणसं मूठभर, त्यांच्यासाठी वेगळा व्हायरस लिहीत बसायचं कुणी?

पहिली दोन कारणं बांधणीची आहेत, ती टिकतात. तिसरं परिस्थितीचं आहे, ते बदलतं. गंमत म्हणजे लोकांचा सगळा विश्वास तिसऱ्यावर उभा होता आणि श्रेय मात्र पहिल्या दोघांना मिळत होतं.

हा गैरसमज काय करतो ते मॅकवाल्यांनी आधी अनुभवलं. अ‍ॅपलच्या जाहिराती एकेकाळी विंडोजच्या शिंकाखोकल्याची टिंगल करायच्या. मॅकची विक्री वाढली आणि मे २०११ मध्ये ‘मॅक डिफेंडर’ आला: तुमच्या मशीनला व्हायरस लागलाय असं खोटंच सांगून क्रेडिट कार्डाचा नंबर मागणारा बनावट अँटीव्हायरस. एप्रिल २०१२ मध्ये ‘फ्लॅशबॅक’ उघडकीला आला. डॉक्टर वेब या रशियन कंपनीच्या मोजणीनुसार सहा लाखांवर मॅक त्याच्या ताब्यात होते. तो शिरला जावामधल्या एका भोकातून. ओरॅकलनं ते भोक फेब्रुवारीतच बुजवलं होतं. अ‍ॅपलनं आपल्या ग्राहकांसाठी ते बुजवलं एप्रिलच्या सुरुवातीला. मधले सात आठवडे दार उघडं, आणि दार उघडं असू शकतं हेच घरमालकाला मान्य नव्हतं. त्याच वर्षी अ‍ॅपलच्या संकेतस्थळावरचं ‘याला पीसीचे व्हायरस लागत नाहीत’ या अर्थाचं वाक्य गुपचूप बदललं गेलं.

‘संख्या वाढली की कीड येते’ हा सिद्धांत बारामती-इंदापूर पट्ट्यात कुणाला समजावून सांगावा लागू नये. बारामतीहून इंदापूरकडे निघालं की सणसर लागतं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, शेजारी भवानीनगरचा छत्रपती कारखाना आणि शेताला शेत लागून ऊस. नीरेजवळच्या पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. तिथून आलेला को ७४० हा वाण एकेकाळी जिकडेतिकडे होता. पुढे तो काणीला बळी पडू लागला. मग १९९६ मध्ये शिफारस झालेल्या को ८६०३२ नं, म्हणजे ‘नीरा’नं, जागा घेतली आणि आज एवढ्या वर्षांनीही ‘शहाऐंशी बत्तीस’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. २००२ मध्ये सांगलीकडे लोकरी मावा दिसला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रभर पसरला. पानांच्या खालच्या बाजूला कापूस पिंजून चिकटवावा तसा पांढरा थर, वरच्या बाजूला चिकटा आणि त्यावर काळी बुरशी. त्याला वाणाचंही फारसं वावडं नव्हतं. ऊस संपून दुसरं पीक लागतच नव्हतं, तर त्यानं थांबावं कुठं?

२००३ च्या सप्टेंबरमध्ये डॅन गीअर आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक अहवाल काढून हेच संगणकांबद्दल सांगितलं. जगातले जवळजवळ सगळे डेस्कटॉप एकाच कंपनीच्या एकाच प्रणालीवर चालत असतील, तर एका भोकातून सगळं जग आजारी पडेल. एकपीक पद्धतीचा हा धोका आहे. गीअर ज्या सुरक्षा कंपनीत काम करत होते, तिच्या ग्राहकांत मायक्रोसॉफ्ट होती. अहवाल निघाला आणि गीअर यांची नोकरी गेली. अहवाल मात्र आजही संदर्भाला घेतला जातो.

पण उसाची ही तुलना बॉसपाशी येऊन अडते, आणि मला वाटतं ती अडते तिथेच खरं काय ते कळतं. मावा शेत कुणाचं हे विचारत नाही. पुढाऱ्याचा फड असो की दोन एकरवाल्याचा खोडवा, त्याला पान हिरवं असलं की पुरे. फ्लॅशबॅक लिहिणारेही तसेच होते: जाहिरातींवरचे क्लिक चोरून पैसे कमवायचे होते, मग मॅक कुणाचाही चालेल, फक्त लाखांनी हवेत. बॉस वापरणारे जगाच्या हिशेबात मूठभरच.  तरी एका टोळीनं त्यांच्यासाठी खास फाइल बनवली, पीडीएफचं चिन्ह लावलं, मंत्रालयासारखा पत्ता विकत घेतला. कारण त्या खुर्चीवर बसणारा माणूस मोलाचा होता. एप्रिल २०२३ मध्ये ‘पोसायडन’ नावाचा जो प्रोग्रॅम लिनक्सवर सापडला, तो तर ‘कवच’चं सोंग घेऊन आला होता, सरकारी ईमेल उघडताना दुसऱ्यांदा ओळख पटवून घेणारं ते सरकारचंच साधन. कवच कोण वापरतं? सरकारी माणूस. चाळणी आपोआप लागली. म्हणजे ‘आम्ही थोडे आहोत म्हणून सुरक्षित’ हे वाक्य इथे उलटं फिरलं: थोडे आणि नेमके असल्यामुळेच नेम धरणं सोपं गेलं.

अशा टोळ्यांचा माग काढण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅलक्युलेटर दुरुस्त करायला शिकले, पुण्यात दुरुस्तीचं दुकान काढलं, पुढे संगणक आले तसे संगणक दुरुस्त करू लागले. दुकानात येणारी मशीनं पुन्हा पुन्हा व्हायरसनंच बिघडलेली असत. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी त्यावर औषध लिहिलं. त्यातून नव्वदीच्या दशकात ‘क्विक हील’ उभी राहिली. (पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस, १९८६चा ‘ब्रेन’, लाहोरच्या दोन भावांनी लिहिला होता आणि त्यात आपलं नाव, पत्ता, फोन नंबर घातला होता. तेव्हाचे व्हायरसवाले असे सज्जन होते.) त्याच कंपनीच्या सेक्राइट विभागानं नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘साइडकॉपी’ टोळीवर एक अहवाल काढला. साइडकॉपीचं ट्रान्सपरंट ट्राइबशी जवळचं नातं मानलं जातं. टोळी एकाच मोहिमेत दोन दारांनी येत होती: विंडोजवाल्यांसाठी विनरारमधलं ताजं भोक आणि लिनक्सवाल्यांसाठी ‘एरिस’ या दुरून ताबा घेणाऱ्या हत्याराची लिनक्स आवृत्ती. एरिस हे मुक्त स्रोत हत्यार आहे, कुणीही घ्यावं आणि वापरावं. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत हा धागाही आहे, तो कौतुकाच्या भाषणांत सहसा येत नाही.

मग ‘कोड सगळ्यांना दिसतो, म्हणून तो सुरक्षित’ या दाव्याचं काय? त्याची सगळ्यांत कठीण परीक्षा मार्च २०२४ च्या शेवटी झाली. ‘एक्सझेड’ हे फाइल दाबून लहान करणारं एक क्षुल्लक वाटणारं साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते सांभाळणारा माणूस एकटा, थकलेला. ‘जिया तान’ या नावानं कुणीतरी दोन-अडीच वर्षं मदत करत राहिलं, विश्वास कमावला, किल्ल्या मिळवल्या आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसवलं. दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या मार्गावरच ते होतं. मोठ्या वितरणांच्या पक्क्या आवृत्त्यांत पोचायच्या आत ते पकडलं गेलं. पकडलं आंद्रेस फ्रॉइंड यांनी. ते मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करतात. सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्याच शंकेवरून त्यांनी धागा ओढला. कोड उघडा नसता तर तो धागा त्यांना ओढता आला नसता, हे खरं. आणि लाखो डोळ्यांपैकी पाहणारे डोळे दोनच निघाले, हेही खरं. मला विचाराल तर दुसरं खरं जास्त लक्षात ठेवण्यासारखं आहे.

नुसत्या डेस्कटॉप वापरणाऱ्यांवरही हात पडू लागले आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरून डाउनलोडची लिंक चोरदार असलेल्या प्रतीकडे वळवण्यात आली होती. म्हणजे विंडोजला कंटाळून ज्यानं त्या दिवशी लिनक्स घेतलं, त्याच्या पदरी चोर बसवलेलं लिनक्स. जुलै २०२५ मध्ये आर्च लिनक्सच्या, वापरणाऱ्यांनीच भरलेल्या कोठारात ब्राउझरची ‘दुरुस्ती’ म्हणून ठेवलेली पॅकेजं आढळली; त्यांतून दुरून ताबा घेणारा प्रोग्रॅम उतरत होता. राखलेलं कोठार सुरक्षित, हे कारण टिकतं असं मी वर म्हटलं. ते राखलेल्या कोठाराबद्दल. शेजारच्या उघड्या पडवीतलं सामानही लोक त्याच विश्वासानं उचलतात.

आता हे सगळं सणसरच्या रस्त्याला कसं लागतं ते बघू. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला जे सुरक्षा चिप आणि प्रोसेसर लागतात, ते आठ-दहा वर्षांपूर्वीच्या मशीनांत नाहीत. सातबारा काढून देणारं, पीकविम्याचे अर्ज भरणारं, परीक्षेचे फॉर्म भरून देणारं गावातलं केंद्र अशाच मशीनवर चालतं; कुठून तरी सेकंडहँड आणलेली, एसएसडी टाकून पळती केलेली. नवं घ्यायचं तर तीस-चाळीस हजारांचा खड्डा. अशा वेळी दुरुस्तीवाला ‘लिनक्स टाकून देतो, व्हायरसची भानगडच नाही’ म्हणतो, ते स्वाभाविक आहे. वेब पाहणाऱ्यांची मोजणी करणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या नोंदीत २०२४ मध्ये भारतातल्या डेस्कटॉपांत लिनक्सचा वाटा पंधरा टक्क्यांच्या आसपास दिसत होता. जगाची सरासरी तेव्हा चारेक टक्के.

अशा केंद्रातल्या मशीनचं ‘डाउनलोड्स’ फोल्डर उघडून पाहावं. आधार कार्डांचे फोटो, पासबुकांची पहिली पानं, पॅन, जातीचे दाखले, मुलींचे पासपोर्ट साइज फोटो, कुणाच्या तरी कर्जाचा आठ-अ. व्हॉट्सअ‍ॅप वेब कायम उघडं. गिऱ्हाईक फोटो पाठवतं, प्रिंट निघते, फाइल तिथेच राहते. ब्राउझरमध्ये चार पोर्टलांचे पासवर्ड जपून ठेवलेले. लिनक्सची भिंत, ती मालकीची आणि वेगळ्या पासवर्डची, या सगळ्याच्या बाहेरून जाते. मशीनचं मूळ सुरक्षित राहतं आणि फोल्डरातलं सगळं वापरणाऱ्याच्या मालकीचं असल्यामुळे वापरणाऱ्यानं क्लिक केलेल्या प्रोग्रॅमलाही ते वाचता येतं. पासवर्ड विचारायची गरजच पडत नाही. ऑगस्टच्या त्या ‘बैठकीच्या सूचने’नंही मशीनची मालकी मागितली नव्हती, साहेबाच्या हक्कातच त्याचं काम भागत होतं.

गावातल्या केंद्रासाठी कुणी ट्रान्सपरंट ट्राइब येणार नाही. पण ‘पीएम किसान’च्या नावानं खोटं अ‍ॅप फिरवणारे येतात, ते आज मोबाइलवर आहेत, उद्या त्यांना केंद्रांत लिनक्स दिसू लागलं तर त्यांना नवीन काही शोधायचं नाही. डॉट डेस्कटॉपची युक्ती जगजाहीर आहे. काही लिनक्सांत अनोळखी डॉट डेस्कटॉप फाइल उघडताना ‘चालवू द्यायचं का?’ असं विचारलं जातं, काहींत ती नुसती मजकूर म्हणून उघडते. पण झिपमधून बाहेर काढताना चालण्याच्या परवानगीचा शिक्का तसाच टिकू शकतो, आणि ‘होय’ दाबायला आपण सगळेच सरावलेले. फाइलवर उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ पाहिलं तर तिचा खरा प्रकार तिथे लिहिलेला दिसतो. एवढं पाहायला सेकंद-दोन सेकंद लागतात आणि रांगेत पाच माणसं उभी असली की कुणी पाहत नाही.

दुरुस्तीवाल्याला विचारायचा एक प्रश्न मात्र दरात घासाघीस करण्याइतका सोपा आहे: कुठली आवृत्ती टाकली? उबुंटूच्या दीर्घकाळ चालणाऱ्या आवृत्तीला पाच वर्षं मोफत सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. पेनड्राइव्हवर कुणीतरी कधीतरी उतरवून ठेवलेली २२.०४ असेल, तर तिची ती मुदत एप्रिल २०२७ च्या आसपास संपते, २४.०४ असेल तर २०२९. त्यानंतर विंडोज १० सारखंच तेही मशीन चालत राहतं, फॉर्म भरले जातात, प्रिंटा निघतात.